लातूरला पाठवण्याआधी लेकराला चुकू द्या

दरवर्षी जून-जुलैत लातूर आणि नांदेडच्या शिकवण्यांच्या भागात एकच दृश्य दिसते. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवकडून आलेल्या जीपमधून गादी, बादली, कुलूप, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि धपाट्यांचा डबा उतरतो. वडील खोलीमालकाशी भाडे ठरवतात, आई कपाटात कागद अंथरून कपडे लावते, मामा मेसची चौकशी करून येतो, आणि ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे तो सोळा वर्षांचा मुलगा मोबाइल हातात धरून दाराशी उभा असतो. संध्याकाळी जीप निघून जाते. त्या रात्रीपासून त्याने महिन्याचे पैसे पुरवावेत, ताप आला तर डॉक्टर गाठावा, खोलीतल्या जोडीदाराशी जमवून घ्यावे आणि वर वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा अभ्यासही करावा, अशी आपली अपेक्षा असते, मात्र त्याआधीच्या पंधरा वर्षांत त्याला एकही निर्णय पूर्णपणे स्वतःचा म्हणून घेऊ दिलेला नसतो.

मी गंगाखेड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो. माझी मुलगी तीन वर्षांपूर्वी लातूरला गेली. तिला पाठवताना माझे जे चुकले आणि वर्गातल्या मुलांच्या पालकांकडे पाहून मला जे उमगले, त्यावरून आठवी ते दहावी या तीन वर्षांत लेकराला लहान चुका ठरवून कशा करू द्याव्यात, हे इथे सांगत आहे. आईवडिलांनी अडवलेली चूक बहुतेक वेळा टळत नाही. ती फक्त पुढच्या वर्षावर जाते आणि तिथे व्याजासकट वसूल होते. आठवीत बाजारात पन्नास रुपयांना फसलेला मुलगा अकरावीत पावती मागतो. ज्याला आठवीत बाजारातच जाऊ दिले नाही, तो अकरावीत पहिल्या आठवड्यातच हजारोंना फसतो, आणि तेव्हा आपण शंभर किलोमीटर दूर असतो.

आधी चुकीची किंमत काढा

कोणती चूक होऊ द्यायची, हे त्या वेळच्या रागालोभावर सोडू नये. मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. झालेले नुकसान महिनाभरात भरून निघेल का? ते त्याच्यापुरतेच राहील, की दुसऱ्याच्या अंगावर जाईल? आणि जीव, शरीर, अब्रू शाबूत राहील का? तिन्ही उत्तरे ठीक असतील, तर मी हात मागे घेतो. कंपासपेटी घरी राहिली, डबा विसरला, प्रकल्पवही शेवटच्या रात्रीपर्यंत कोरी राहिली, मापाचा विचार न करता रंगाला भुलून बूट घेतले, मित्राला दिलेले पुस्तक परत आले नाही, या साऱ्या होऊ द्यायच्या चुका आहेत. शाळेच्या फाटकावर मधल्या सुट्टीत मोटारसायकलवरून कंपासपेटी पोहोचवायला येणारे वडील मी दर आठवड्याला पाहतो. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण ती मुले दुसऱ्याच दिवशी पुन्हा पेटी विसरतात, हेही मीच पाहतो.

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना लेकराच्या पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधतात, कमरेला दोर लावतात आणि दोराचे दुसरे टोक काठावरचा जाणता माणूस धरतो. ज्याने कुणाला असे शिकवले आहे त्याला ठाऊक असते की दोर ताणून धरला तर लेकरू दोरालाच लोंबकळते आणि हातपाय मारत नाही. म्हणून दोर ढिला सोडतात, मात्र हातातून सोडत नाहीत. दहा-पंधरा दिवसांनी डब्याऐवजी लहान डबा येतो, मग नुसता दोर, मग काहीच नाही.

काही जागी मात्र चुकू देणे म्हणजे निव्वळ बेफिकिरी आहे. एकट्याने विहिरीत उतरणे, ओल्या हाताने मोटारीच्या स्टार्टरला हात लावणे, चालू रोटाव्हेटरच्या मागे फिरणे, फवारणीचे औषध कालवणे, यांत दुसरी संधी मिळत नाही. गाडीचेही तसेच आहे. ‘दहावीला आहे, पण गाडी झकास चालवतो’ असे कौतुकाने सांगणाऱ्या वडिलांना मी कायदा वाचून दाखवतो. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना अठरा वर्षांआधी मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळू शकतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचा, आणि आपल्या घरासमोर उभ्या असलेल्या स्कूटी बहुधा त्याहून मोठ्या इंजिनाच्या असतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १९९अ कलमानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

शिवाय एकटा असताना शहाणा वागणारा मुलगा मागे दोन मित्र बसले की बदलतो. अमेरिकेतील मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. सोबतीला बरोबरीचे मित्र असले की किशोरवयीनांनी पत्करलेला धोका ठळकपणे वाढला, प्रौढांच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. थांबून परिणाम तोलणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो, हे आता सर्वमान्य आहे. म्हणून ‘समजावून सांगितले आहे’ एवढ्यावर गाडीची किल्ली देऊ नये. मोबाइलवरून ओटीपी सांगणे किंवा स्वतःचे खासगी फोटो पाठवणे हेही याच रांगेत बसते. तरीही फसवणुकीत पैसे गेलेच, तर ओरडण्यात वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. गेलेली रक्कम अडवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

पाच गुंठ्यांची पेरणी

चूक कशी होऊ द्यावी, हे मला एका शेतकऱ्याने दाखवले. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मुलगा नववीत, माझ्याच वर्गात. त्या वर्षी वडिलांनी बांधालगतचे पाच गुंठे त्याला तोडून दिले आणि सांगितले की या रानातले बी, खत, पेरणीचा दिवस सगळे तू ठरवायचे. निघेल त्या मालाचे पैसेही तुझेच. मृगाचा पहिला पाऊस बरा झाला आणि पोराचा धीर सुटला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, ही परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस गावात सगळ्यांना पाठ आहे, पण शेजारच्या दोघांनी तिफणी धरल्या होत्या आणि हा मागे राहायला तयार नव्हता. वडील एकदाच बोलले, “मी असतो तर आणखी आठ दिवस थांबलो असतो. पण रान तुझं हाय, तू ठरव.” मग ते गोठ्याकडे निघून गेले.

पुढे पावसाने दोन आठवडे ओढ दिली. पोरगा रोज सकाळी शाळेच्या आधी रानात जायचा. “पप्पा, कोंबच निघनात की,” असे त्याने सांगितले, तेव्हा वडील सोबत गेले आणि म्हणाले, “उकरून बघ बरं.” खाली बसून दोघांनी तास उकरला. काही दाणे फुगून सडले होते, काहींचा कोंब निघाला होता पण वरच्या मातीने खपली धरल्यामुळे तो आतच वळून वाळला होता, आणि काही बी मुळात जास्त खोल गेले होते. वडिलांनी प्रत्येक दाणा त्याच्या तळहातावर ठेवला आणि ‘हा कशानं गेला असंल?’ एवढेच विचारत राहिले. ‘मी सांगितलं नव्हतं का?’ हे वाक्य त्यांनी उच्चारले नाही. हे वाक्य गिळणे किती कठीण असते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मला ते आजही नीट जमत नाही.

आता हिशेब पाहा. एकरी तीस किलो बियाणे धरले, तर पाच गुंठ्यांना पावणेचार किलो लागते. म्हणजे नुकसान पावणेचार किलो बियाणे, थोडे खत आणि बैलांची तासाभराची मेहनत. हीच दुबार पेरणी चार एकरांवर आली तर घर वर्षभर वाकते. पाच गुंठ्यांवर आली तेव्हा मुलाने दुसऱ्या खेपेला न सांगता बारदान भिजवले, शंभर दाणे मोजून त्यात ओळीने मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली, पाणी शिंपडत राहिला आणि चार-पाच दिवसांनी उगवलेले दाणे मोजले. सत्तरहून अधिक उगवले तर बी पेरण्याजोगे, हे त्याने माझ्याच पाठ्यपुस्तकात वाचले होते, पण तोवर ते त्याच्या कामाचे नव्हते.

शेती नसेल तर पाच गुंठ्यांच्या जागी दुसरे काही शोधावे लागते. किराणा दुकान असेल तर एका कप्प्याचा माल त्याने भरावा. नोकरदाराच्या घरी आठवड्याच्या बाजाराची यादी आणि पैसे त्याच्या हाती द्यावेत, आणि त्याने बाजार उठताना स्वस्त मिळाली म्हणून चार किलो मेथी आणलीच, तर घरातल्यांनी चार दिवस मेथी खावी. क्षेत्र लहान असावे, पण त्यातला अधिकार खरा असावा. मुलगा चुकणार असे दिसताच काढून घेतलेला अधिकार हा अधिकारच नसतो, आणि मुलांना हे आपल्याआधी कळते.

पैसे, आणि आजीचा कनवटीचा बटवा

नववीपासून महिन्याचे ठरावीक पैसे रोख द्यावेत आणि त्यातून वह्या, पेन, सायकलचे पंक्चर, मित्राचा वाढदिवस असे ठरलेले खर्च त्यानेच भागवावेत. पहिल्या महिन्यात पैसे दहा तारखेला संपतात. तेव्हा न चिडता, पण उसनेही न देता, पुढच्या एक तारखेची वाट पाहू द्यावी. पंक्चर काढायला पैसे नाहीत म्हणून आठ दिवस पायी शाळेत आलेला मुलगा मला माहीत आहे. त्याचे काही बिघडले नाही.

यात खरा अडथळा आजीचा असतो. नातवाचे तोंड उतरलेले पाहून ती कनवटीच्या बटव्यातून शंभराची नोट काढते, सुट्टीत आजोळी गेले की मामा पाचशे देतो, आत्या येता-जाता काही ना काही ठेवते, आणि आपली सगळी योजना कोसळते. आजीला नियम सांगून उपयोग होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. तिला कामच द्यावे: नातवाने महिनाअखेरीस हिशेबाची वही तिलाच वाचून दाखवावी. आमच्या घरी हे लागू पडले, कारण माझी आई हिशेबात माझ्यापेक्षा कडक निघाली.

बँकेचे खातेही याच वयात उघडावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे दहा वर्षांवरील मुलांना बँक ठरवून देईल त्या मर्यादेत बचत खाते स्वतः चालवता येते. पहिल्या वेळी पैसे भरण्याची स्लिप मुलगा चुकवतो, खिडकीवरचा माणूस ती परत करतो, मागच्या रांगेतले लोक कुरकुरतात. आपण बाकावर बसून राहावे. तुमच्या फोनवरचा यूपीआय पिन मात्र त्याला देऊ नये, कारण तुमच्या खात्यातली त्याची चूक ‘त्याच्यापुरती’ राहत नाही.

लातूर रोड म्हणजे लातूर नव्हे

प्रवासात चुकू देणे पालकांना सर्वात जड जाते, म्हणून ते टप्प्याने करावे. पहिल्या खेपेला सोबत जावे, पण तिकीट, फलाट, थांबा हे सगळे त्याने विचारावे. दुसऱ्या खेपेला त्याच गाडीत मागच्या बाकावर बसावे आणि अनोळखी माणसासारखे गप्प राहावे. तिसऱ्या खेपेला त्याला एकट्याने दिवसाउजेडी जाऊ द्यावे. आमच्या भागातली नेहमीची चूक म्हणजे परळीमार्गे बीदरकडे जाणाऱ्या रेल्वेत बसणे आणि लातूर रोडला उतरून लातूर आले असे समजणे. लातूर रोड हे चाकूर तालुक्यातले जंक्शन आहे. लातूर शहर तिथून तिसेक किलोमीटर पुढे, दुसऱ्या फाट्यावर आहे. माझा एक विद्यार्थी असाच उतरला. त्याने वडिलांना फोन केला, वडील गाडी काढणार तेवढ्यात मुलाच्या आईने विचारले, “तिथं कुणाला इचारलंस का?” त्याने स्टेशनबाहेर चौकशी केली, लातूरचे वाहन मिळाले आणि तो दीड तास उशिरा पोहोचला. गाडी काढली असती, तर पोहोचायला याहून जास्त वेळ लागला असता.

मुलींच्या बाबतीत आपण या मुद्द्यावर अप्रामाणिक असतो, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुलगा चुकला तर ‘शिकेल’, आणि मुलगी चुकली तर ‘बस झाली शाळा’. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, पण गाडी चुकून एकदा अंधार पडला की तो पासच बंद होतो, आणि मराठवाड्यात अशा बंद झालेल्या पासानंतर कधीकधी थेट लग्नाची बोलणी सुरू होतात, मुलगी अठराची झालेली नसली तरी. अशा घरातली मुलगी चुका करायचे थांबवत नाही. ती त्या सांगायचे थांबवते. बालविवाह ठरत असल्याचे कुणाला कळले, तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

चूक झाल्यावर

माझी चूक इथली आहे. लातूरला गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात मुलीने एका मेसचालकाला तीन महिन्यांचे पैसे आगाऊ दिले आणि पावती घेतली नाही. दिवाळीच्या सुट्टीचे खाडे धरायला तो नाही म्हणाला आणि जेवणही बिघडले होते. तिने सांगताच मी सकाळची एसटी पकडली, मेसचालकाशी तिच्यासमोर भांडलो, निम्मे पैसे परत मिळवले, दुसरी मेस लावून दिली आणि विजयी मुद्रेने परत आलो. पुढे फेब्रुवारीत तिची चाचणी-परीक्षेची फी भरायची तारीख हुकली, दंड बसला, आणि ते मला एप्रिलमध्ये तिच्या मैत्रिणीकडून कळले. का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, “तुम्ही लगेच आले असते.”

त्यानंतर मी ठरवले ते असे. पहिल्या दिवशी फक्त ऐकायचे आणि जेवलास का, जेवलीस का, एवढेच विचारायचे. उपाय विचारला तरच सांगायचा, आणि तोही ‘तुला काय सुचते?’ याच्या उत्तरानंतर. बोलणी लावायची ती दुसऱ्या दिवशी, नातेवाइकांच्या देखत कधीही नाही. घरात आणि भावकीत त्या चुकीची गोष्ट करून सांगायची नाही, कारण लग्नकार्यात चार लोकांत हसले गेलेले पोर पुढची चूक तुम्हाला सांगत नाही.

या बोलण्याला आकार द्यायला मी शिकवणीतलीच एक रीत उचलली. ‘नीट’ला १८० प्रश्न असतात, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. म्हणून लातुरात अनेक मुले दर चाचणीनंतर चुकांची वही लिहितात आणि प्रत्येक चुकलेला प्रश्न तीनपैकी एका रकान्यात टाकतात: माहीतच नव्हते, माहीत होते पण गडबड झाली, अंदाज मारला. घरच्या चुकांनाही हे रकाने बरोबर बसतात. लातूर रोडला उतरणे पहिल्या रकान्यातले, तिथे माहिती द्यायची. फीची तारीख हुकणे दुसऱ्यातले, तिथे भिंतीवर तारखांचा कागद लावायचा. पावतीशिवाय पैसे देणे तिसऱ्यातले, तिथे ‘तेव्हा मनात काय आले?’ हे विचारायचे. रकाना मुलाने ठरवावा. आपण पहिल्या रकान्यातल्या चुकीलाही तिसऱ्यातली शिक्षा देत असतो, हे ती वही दोन महिने भरली की लक्षात येते.

परीक्षेतल्या अपयशालाही हेच लागू आहे. राज्य मंडळाची पुरवणी परीक्षा दहावी-बारावीच्या निकालानंतर लगेच होते, त्यामुळे एखादा विषय राहिला तरी वर्ष गेले असे समजायचे कारण नाही. मात्र झोप उडणे, जेवण तुटणे, खोलीबाहेर न पडणे, ‘मी नसलो तर बरे’ असे बोलणे दिसले, तर तो चुकीतून शिकण्याचा विषय राहत नाही. तेव्हा लगेच गाडी काढून जावे, किंवा १४४१६ या मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस मदत क्रमांकावर बोलावे. तिथे मराठीतून बोलता येते.

हे वाचणारी लेकरे असतील तर

धास्तावलेल्या आईवडिलांकडून मोकळीक मागताना ‘तुमचा माझ्यावर विश्वासच नाही’ असे म्हणू नका; त्याचे उत्तर त्यांच्याकडे तयार असते. लहान, मोजता येणारी गोष्ट मागा: शनिवारी, चारच्या गाडीने, परभणीला, सातच्या आत परत. आणि काही बिघडले तर त्याच संध्याकाळी, त्यांनी विचारण्याआधी, स्वतः सांगा. ‘मी असे केले, हे बिघडले, आता असे करणार आहे’, अशा तीन वाक्यांत सांगा. असे दोनदा झाले की तिसऱ्या वेळी परवानगी लवकर मिळते, हे मी बाप म्हणून कबूल करतो.

निघायच्या आदल्या रात्री बॅग लेकरालाच भरू द्या. यादी त्याने करावी, आईने फक्त चटणीची बरणी द्यावी. काहीतरी राहीलच, बहुधा कुलूप किंवा बादली. दुसऱ्या दिवशीच्या एसटीने कंडक्टरच्या हाती ती धाडू नका. बादल्या लातूरलाही मिळतात.